रुमालाखालचा उजेड

दादाने नालासोपाऱ्याला फ्लॅट घेतला तो कळंबच्या सुरूच्या बनासाठी. वहिनी अजून म्हणते, लोक स्टेशन किती लांब ते विचारतात, ह्यांनी समुद्र किती लांब ते विचारलं. दर हिवाळ्यात आम्ही तिघं बनात एक रात्र तंबूत राहायचो आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने राजोडीपर्यंत चालत जायचो. तंबू दादाचा, सामानाची यादी माझी. "मुकादम आल्या," म्हणून तो माझं स्वागत करायचा.

काचबिंदूने त्याची नजर कडांकडून आत खात आणली. त्या हिवाळ्यात त्याला नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढंच दिसत होतं, आणि तेही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी लगेच कामाला लागले. त्याने काय काय बघून घ्यायचं ते ठरवलं. किनाऱ्यावरच्या होड्या, अर्नाळ्याचा किल्ला, सूर्यास्त. दुसऱ्या दिवसासाठी रिक्षा सांगून ठेवली.

कळंबला पोचल्यावर नेहमीच्या वाडीत पाणी भरायला थांबलो. वाडीवालीने दादाच्या हातात काठी पहिल्यांदाच पाहिली.

"पानी घ्या हवं तेवढं. पन पायाला काय झालं?"

"पाय ठणठणीत आहेत. डोळेच सोबत यायला तयार नाहीत," दादा म्हणाला.

आत जाऊन तिने सुकेळ्यांचा एक पुडा आणून माझ्या पिशवीत टाकला.

दुपारचं जेवण झाल्यावर दादाने खिशातून रुमाल काढला. हा आमचा जुना खेळ. बनाच्या मध्यावर डोळे बांधून एकेकाला गोल फिरवायचं आणि समुद्राकडे चालायला लावायचं. ऐकायला सोपं आहे. पण सुरूच्या शेंड्यांतून वारा गेला की अगदी लाटांसारखा आवाज येतो, आणि तो चारी बाजूंनी येतो. मी आणि वहिनी दरवर्षी भलतीकडेच निघायचो. दादा कधीच चुकला नव्हता.

"आज घट्ट बांध," तो म्हणाला. "डोळे गेल्यावर मला इथे एकट्याला फिरता येईल का, ते बघायचंय."

"एकट्याने कशाला? आम्ही आहोत ना."

"म्हणूनच. तुझ्या वेळापत्रकातून कधीतरी सुटका नको? आणि मध्ये बोलायचं नाही."

वहिनी चहा टाकायला चुलीपाशी राहिली. मी रुमाल बांधला, त्याला फिरवलं, सोडलं. तो क्षणभर उभा राहून ऐकत होता. मग हात पुढे धरून, काठीने खोडं चाचपत, चांगला खात्रीने निघाला. समुद्राकडे पाठ करून.

मी मागून चालत राहिले. तो मध्येच थांबायचा, मान कलती करायचा आणि पुन्हा त्याच दिशेने जायचा. बन विरळ झालं. त्याचा पाय वाडीच्या कडेला नुकत्याच शिंपलेल्या वाफ्यात रुतला. तो वाकला, चिमूटभर माती बोटांत चुरली.

"ही रेती नाही."

"नाही."

"वाडीशी आलो?"

"हो."

त्याने रुमाल काढला नाही. "दरवर्षी मी रुमालाखालून बघायचो," तो म्हणाला. "नाकापाशी फट राहते. समुद्राच्या बाजूला उजेड जास्त असतो, त्या बाजूला जायचो. मला वाटलं, इतक्या वर्षांत कानांनाही कळायला लागलं असेल."

मला जे सुचलं ते मी बोलले. "झाडाझाडाला दोरी बांधू. इथून थेट पाण्यापर्यंत."

"आणि ती तुटली की नाही हे रोज कोण बघणार?"

"मी."

"नोकरी सोड मग," म्हणत तो हसला. परत येताना त्याने काठी बगलेत धरली आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. पहिल्यांदाच.

"सापडला का समुद्र?" वहिनीने विचारलं.

"सापडला. आहे जागेवर."

वहिनीने त्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. बादली पुढे सरकवली आणि चहा गाळायला घेतला.

संध्याकाळी तो पाण्याकडे तोंड करून बसला, तो पार अंधारेपर्यंत. सकाळी मी रिक्षा परत पाठवून दिली. किल्ल्याचं नाव कुणी काढलं नाही. दादाने एकट्याने तंबू उतरवला, डोळे मिटून. घडी घातली, खुंट्या पिशवीत भरल्या, दोरी गुंडाळून वर गाठ मारली आणि ते गाठोडं माझ्या हातात दिलं. तंबू कायम त्याच्याच घरी असायचा.

"हा तुझ्याकडे राहू दे."

"पुढच्या वर्षी लागेल की."

"लागला तर सांगेन."

तंबू माझ्या माळ्यावर आहे. दर दिवाळीच्या आधी मी तो उन्हात घालते, खुंट्या बघते, डांबरगोळ्या बदलते. कापड अजून चांगलं आहे. दादाने अजून सांगितलेलं नाही.