हेल्मुटच्या पाणबुडीतला माल

एज्ड केअरमध्ये नोकरी करणाऱ्याला किस्से शोधत जावं लागत नाही. लाँड्रीत बिननावाचे मोजे साठतात तसे ते साठतच जातात. कोणाचे ते सांगता येत नाही आणि टाकवतही नाहीत. इथे सिडनीत, स्कोफिल्ड्सला कुणाकडे जेवायला जमलो की मी एखादा सांगते, लोक हसतात, आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, "तुझा तो पाणबुडीवाला कसा आहे गं?" पाणबुडीवाला हेल्मुट आता नाही. म्हणून आज सगळे त्याचेच. हसू येईल तिथे हसून घ्या, पुढे फारसं येणार नाही.

* * *

मी ब्लॅकटाउनजवळच्या एका वृद्धाश्रमात नर्स आहे. 'वृद्धाश्रम' म्हटलं की पुण्याला सासूबाईंचा चेहरा पडतो, म्हणून फोनवर मी 'हॉस्पिटल' म्हणते.

हेल्मुट आमच्याकडे आला तेव्हा त्याने नव्वदी कधीच ओलांडली होती. उंच, वाकलेला, डोकं एकदम शाबूत. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या रॉनची तक्रार आली. रॉन नाश्त्याला गेला की हा जाऊन त्याच्या बेडवर झोपतो! स्वतःचा बेड चादर न चुरगळलेला, आणि हा रॉनच्या पांघरुणात. आम्हाला वाटलं, झालं, विसरायला लागला. डॉक्टरांनी स्मरणशक्तीची टेस्ट घेतली, तर पठ्ठ्या पूर्ण मार्कांनी पास!

शेवटी मीच विचारलं. तो म्हणाला, बोटीवर दोघा-तिघांत एकच बिछाना असायचा. एक ड्यूटीला उठला की दुसरा त्याच उबेत शिरायचा. त्याच्या शेवटच्या सफरीत तर माल इतका कोंबला होता की होते तेही बिछाने कमी झाले.

"मग गार बेडवर झोप येत नाही का तुला?"

"गार बिछाना मिळाला, सिस्टर, तर समजायचं की वर पहाऱ्याला गेलेल्याला लाटेने नेलं."

मी हे रॉनला सांगितलं. रॉन अख्खा जन्म ब्लॅकटाउनमध्ये काढलेला प्लंबर. तो म्हणाला, "नो वरीज. पण बूट काढून झोप म्हणावं." तेव्हापासून दोघांची दोस्ती जमली.

* * *

आता तो माल काय होता, यावरून आमच्यात झालेली भांडणं.

शिफ्ट बदलताना आम्ही एकमेकींना प्रत्येक पेशंटची खबरबात देतो. एकदा बोलता बोलता मी म्हणाले की हेल्मुटची पाणबुडी युद्धाच्या अगदी शेवटी जर्मनीहून जपानला गुपचूप पारा घेऊन निघाली होती. आमची सुशीला, नेपाळमधल्या पोखऱ्याची, एकदम उखडली. "नहीं दीदी, हवाई जहाज था. टुकड़े करके. मुझे खुद बताया, और बोला किसी को मत बोलना." आमच्या फिलिपिनो कुकला त्याने सांगितलं होतं कॅमेऱ्यांची भिंगं. त्याची मुलगी हायडी म्हणाली, घरी तर आम्हाला सांगायचा की सॉसेजेस होती.

प्रत्येकीला वाटत होतं की गुपित आपल्या एकटीलाच सांगितलंय! सुशीला, कुकबाई आणि मी अशा तिघी मिळून त्याच्या खोलीत गेलो आणि खोटारडेपणाचा जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, "सगळं खरं आहे. पाराही होता, विमानही होतं, सॉसेजेसही होती. एकच गोष्ट कोणाला सांगायची राहिली आहे."

ती कोणती, हे त्या दिवशी आम्ही विचारलं नाही. आम्हाला सकाळच्या गोळ्या वाटायच्या होत्या.

* * *

नोव्हेंबरात इथे युद्धात गेलेल्यांची आठवण म्हणून लोक छातीवर लाल कागदी फूल लावतात. त्या वर्षी हॉल सजवायचं काम आमच्या तिघींकडे आलं. पुढे एक मानाचं टेबल लावलं, 'युद्धात होते ते' यांच्यासाठी. पहिली खुर्ची कोणाला? हेल्मुटला! त्याला ब्लेझर चढवला, फूल मीच टाचलं.

एक पुण्याची, एक पोखऱ्याची, एक मनिलाची. म्हातारा आहे, युद्धात होता, म्हणजे अर्थातच आपल्या बाजूचा. कोणत्या बाजूचा, हा प्रश्न तिघींपैकी एकीलाही पडला नाही. पाणबुडी जर्मनीहून निघालेली हे तोंडपाठ होतं, फाइलीत जन्मस्थान लिहिलेलं होतं, त्याचे उच्चार रोज ऐकत होतो. पण आमच्या कानाला इथे सगळ्यांचेच उच्चार परके. रॉन त्याला इतकी वर्षं डच समजत होता, आणि हेल्मुटने ते कधी खोडून काढलं नव्हतं.

रॉन कौतुकाने त्याच्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मेट, तुझ्या बोटीचं नाव कधी सांगितलं नाहीस."

हेल्मुट म्हणाला, "नाव नव्हतं. नंबर होता. जर्मन पाणबुडी."

रॉनचा थोरला भाऊ मालवाहू जहाजावर होता. पाणबुडीने बुडवलेल्या. घरच्यांना पुरायलासुद्धा काही मिळालं नाही, हे रॉन दरवर्षी त्याच दिवशी सांगायचा. त्याने काही आरडाओरडा केला नाही. हात पुढे केला आणि हेल्मुटच्या छातीवरचं फूल काढायला लागला. टाचणी निघेना. तेव्हा हेल्मुट जरा पुढे वाकला, त्याला सोपं जावं म्हणून.

रॉनने त्यानंतर जेवणाचं टेबल बदललं. खोलीला आतून कडी लावायला लागला. मला अजूनही त्या टाचणीवरून स्वतःचा राग येतो.

* * *

हेल्मुट मग एकटाच जेवायचा. आमच्याकडे एकटं जेवणाऱ्याचं वजन उतरतं, हे ठरलेलं. म्हणून नवीन आलेल्या हारूबाईंना मी त्याच्या टेबलावर बसवलं. जपानमधल्या कुरेच्या, युद्धानंतर ऑस्ट्रेलियन सैनिकाशी लग्न करून इथे आलेल्या. नवरा जाऊन खूप वर्षं झाली होती. बोलणं अगदी मोजकं. पण पहिल्याच दिवशी त्यांनी स्वतःचं मँडरिन, म्हणजे इथलं छोटं संत्रं, सोललं, धागे काढले आणि निम्मं हेल्मुटच्या ताटलीत ठेवलं. मग ते रोजचंच झालं. हेल्मुट दाढी करून जेवायला यायला लागला!

हारूबाईंचा मुलगा केन मला बाजूला घेऊन म्हणाला, आईपुढे युद्धाचा विषय नको. हारूबाईंची आई आणि धाकटी बहीण त्या सकाळी, हवाई हल्ल्यातली आग पसरू नये म्हणून घरं पाडायच्या कामावर, शहरात गेल्या होत्या. शहर म्हणजे कुरेजवळचं हिरोशिमा.

मी सगळ्यांना ताकीद दिली. फक्त हारूबाईंना द्यायची राहिली. त्यांनीच एक दिवस सहज हेल्मुटला सांगून टाकलं. त्या दुपारपासून त्याचं जेवण सुटलं.

* * *

आईस्क्रीमसुद्धा परत जायला लागलं तेव्हा मी त्याच्या खोलीत जाऊन दार लावलं. आणि तेव्हा ती राहिलेली गोष्ट निघाली.

त्या मालात काही लहान पेट्या होत्या. एवढीशी पेटी, आणि दोन माणसांना उचलेना. आत काय ते बोटीवर कोणालाच माहीत नव्हतं, दोन जपानी अधिकारी सोडून. ते पेट्यांबरोबर घरी निघाले होते. अर्ध्या वाटेवर रेडिओवर आलं की जर्मनी हरली, शरण जा. कॅप्टनने आपल्या माणसांना विचारलं, काय करायचं. त्या दोघांना विचारलं नाही. शत्रूच्या हाती जायचं नाही म्हणून दोघांनी झोपेच्या गोळ्या घेतल्या. आधी प्रत्येकाशी हात मिळवला.

"माझे हात इंजिनच्या तेलाने भरले होते," हेल्मुट म्हणाला. "मी दिला नाही."

त्यांचे देह समुद्रात सोडले आणि बोट अमेरिकनांच्या हवाली केली. पेट्याही त्यांनीच उतरवून घेतल्या. आत युरेनियम होतं हे हेल्मुटला कितीतरी वर्षांनी कळलं. आणि पेट्या उतरल्या त्याच उन्हाळ्यात हिरोशिमावर बॉम्ब पडला.

"त्यात ते होतं का, सिस्टर?"

मी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं. इंजिनिअर माणूस, अर्धी सुट्टी नेटवर घालवली. म्हणाला, "इतक्या लवकर वापरता आलं असेल असं वाटत नाही. पण नाहीच, असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही गं."

हेल्मुटला मी फक्त पहिलं वाक्य सांगितलं. तो हसला. म्हणाला, हारूला सांगितलं तर ती उठून जाईल, आणि आता दुसरं टेबल नाही. नाही सांगितलं तर तिने सोललेली फोड घशाखाली उतरत नाही.

मी आपला देशी सल्ला दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, गप्प बस आणि खा. त्याने मान डोलावली. खाल्लं मात्र नाही.

* * *

आणि हा शेवटचा. मी औषधांची ट्रॉली घेऊन त्यांच्याच टेबलाशी उभी होते, म्हणून शब्दन् शब्द ऐकला.

सकाळचा चहा चालला होता. हारूबाईंनी हेल्मुटची भरलेली ताटली पाहिली आणि म्हणाल्या, "खात नाहीस. मरशील. माझ्यासमोर नको."

हेल्मुटने ताटली सरकवली आणि सगळं सांगितलं. पेट्या, ते दोघे, शरणागती, पेट्या कोणी उतरवल्या. साधं इंग्लिश, सावकाश, एकही गोष्ट न वगळता. मला मध्ये पडायला हवं होतं, केनला शब्द दिला होता. मी गोळ्या मोजत राहिले.

हारूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुरेला आम्ही शाळेच्या मुली कारखान्यात कामाला होतो. सांगायचे, जर्मनीहून काहीतरी येतंय, ते आलं की आपण जिंकू. माझी आई रोज देवापुढे त्यासाठी बसायची. आम्ही वाट बघत होतो." कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुम्ही का थांबलात?"

हेल्मुटने काय काय ऐकायची तयारी केली असेल कोण जाणे. हे नक्कीच नाही. टेबलाला धरून तो उठायला लागला. मी दंडाला आधार दिला. तो सरळ उभा राहिला.

"कॅप्टनने विचारलं तेव्हा शरण जायला मी हात वर केला," तो म्हणाला. "मला घरी जायचं होतं."



"माझ्या आईलाही," हारूबाई म्हणाल्या.