कृपया आहेर आणू नये

अक्कांचं जाहिरातीचं अकाउंट बंद झाल्याचा मेल मी सकाळी सव्वादहाला वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मजकूर तोच होता. 'अवैध क्लिक आढळल्यामुळे आपलं अकाउंट बंद करण्यात आलं आहे. शिल्लक रक्कम जाहिरातदारांना परत केली जाईल. आपण एकदा अपील करू शकता.'

अक्का म्हणजे फैजपूरच्या कमलअक्का. वय एकसष्ट. विनाअनुदानित शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं, त्यामुळे पेन्शन नाही. चार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा अपघातात गेला. सून वैशाली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. अक्कांनी तिला धुळ्याला नर्सिंगला घातलं. 'आता या वयात शिकून काय करणार?' असं बऱ्याच नातेवाइकांनी विचारलं. अक्कांनी कुणाला उत्तर दिलं नाही. त्यांनी लिहायला सुरुवात केली. कळण्याची भाकरी, ज्वारीचे बिबडे, केळीच्या घडाला कधी हात लावायचा आणि कधी नाही, असे साधे लेख. पुण्या-मुंबईत आणि परदेशात राहणारी खानदेशी माणसं ते वाचू लागली. वैशालीची फी आणि हॉस्टेल त्या लेखांमधल्या जाहिरातींवर चालू होतं. तिसरं वर्ष उरलं होतं.

मी जळगावात घरच्याच पुढच्या खोलीतून अशा अकरा लेखकांच्या वेबसाइट सांभाळतो. त्याआधी एकवीस वर्षं एका दैनिकाच्या जाहिरात विभागात होतो. तिथला हिशोब सोपा होता. जाहिरात किती सेंटिमीटरची, कोणत्या पानावर, त्याप्रमाणे दर. पैसे आधी. जाहिरात कुणी वाचली की नाही, हा प्रश्न आमचा नव्हता.

इंटरनेटवर तसं नाही. लेखक आपल्या लेखात जागा सोडतो. जाहिरात कंपनी मधला दलाल असते. ती त्या जागेवर जाहिरात लावते आणि जाहिरातदाराकडून पैसे घेते, काही वेळा जाहिरात दिसल्याचे, काही वेळा वाचकानं तिच्यावर बोट लावल्याचे. बोट लावण्याला क्लिक म्हणतात. स्वतःचा वाटा ठेवून कंपनी उरलेले पैसे लेखकाला देते. अक्कांचे लेख रोज साधारण सहा हजार वेळा उघडले जायचे आणि त्यावर साठ क्लिक यायचे. म्हणजे शंभराला एक. महिन्याला नऊ हजारांच्या आसपास जमायचे. दोन वर्षांत हे प्रमाण फारसं हललं नव्हतं.

मी अक्कांना फोन केला.

"भाऊ, मी काही चुकीचं लिहिलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"लेखाचा दोष नाही अक्का. कुणीतरी जाणूनबुजून जाहिरातींवर क्लिक केलेत. तुम्ही केलेत का?"

"मी माझे लेख पण फोनवर उघडत नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना, स्वतःच्या जाहिरातीला हात लावायचा नाही म्हणून."

सांगितलं होतं. त्यांच्याकडून सही पण घेतली होती.

"वैशालीची फी पुढच्या महिन्यात आहे," त्या म्हणाल्या.

मी रिपोर्ट काढला. सोमवार ते गुरुवार, चार दिवस. लेख उघडले गेले नेहमीइतकेच, चोवीस हजार वेळा. क्लिक यायला हवे होते दोनशे चाळीस. आले होते एक हजार पाचशे एकोणचाळीस. एक हजार दोनशे नव्व्याण्णव जास्तीचे. वाचक कुठून आले तेही रिपोर्टमध्ये शहरानुसार दिसतं. एरवी पुणे पहिलं असतं. या चार दिवसांत पहिलं होतं धुळे.

धुळे हे अक्कांचं माहेर. आणि त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी, रविवारी, धुळ्यात अक्कांची एकसष्टी झाली होती. मीही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी धुळ्याला गेलो. अक्का आधीच पोचल्या होत्या. त्यांचे धाकटे भाऊ, ज्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या आहेराची भांडी ही त्यांची खासियत. पातेलं घेतलं की त्यावर देणाऱ्याचं नाव मशीननं टोचून देतात, फुकट. एकसष्टी त्यांनीच केली होती. फक्त पत्रिकेवर अक्कांनी हट्टानं एक ओळ छापायला लावली होती, 'कृपया आहेर आणू नये.'

नानांनी चहा मागवला. मी विचारलं, "नाना, घरातल्या कुणी अक्कांच्या जाहिरातींवर क्लिक केलंय का?"

नानांचा चेहरा खुलला. "कुणी म्हणजे? बठ्ठासनी! सगळ्यांनी!"

त्यांनी फोन काढून नातेवाइकांचा ग्रुप माझ्यासमोर धरला. सोमवारी सकाळी सात वाजता नानांनी लिहिलं होतं: 'अक्कानी आहेर नको म्हना. पन बोट लावाले बंदी शे का? बठ्ठासनी लेख उघाडा, जाहिरातवर बोट लावा. आकडा आठे लिखा. मना १०१.'

खाली रांग लागली होती. 'मना ५१.' 'आमच्याकडून २१.' 'पिंपळनेरवाल्यांचे ५१.' 'सौ. व श्री., १०१.' कुणाचे पन्नास नव्हते, शंभर नव्हते. पाकिटात वरचा रुपया घालतात तसा प्रत्येकानं वरचा क्लिक घातला होता.

मी दुकानातल्याच एका बिलाच्या पाठीमागे बेरीज केली. सदतीस जण. एक हजार तीनशे सदतीस क्लिक. रिपोर्टशी ताडून पाहिलं तर अडतीसचा फरक. कुणीतरी बोट न लावताच आकडा लिहिला असणार. लग्नातही असं एखादं रिकामं पाकीट निघतंच.

"वैशालीचंही नाव आहे यात," अक्का म्हणाल्या. त्या माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. 'वैशाली, ११.'

वैशाली ड्यूटी संपवून नुकतीच आली होती. ती खाली बघत म्हणाली, "सगळ्यांनी लिहिलं होतं आई. एकटी मीच नाही लिहिलं तर बरं दिसलं नसतं."

"काय चुकनं आमनं?" नाना आता वैतागले होते. "चोरी करी का आम्ही? आमनं बोट, आमना फोन."

मी त्यांना त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. "नाना, समजा तुम्ही एका माणसाला सांगितलं, दुकानात गिऱ्हाईक पाठव, प्रत्येकामागे पाच रुपये देईन. त्यानं स्वतःचेच सदतीस भाऊबंद आणले. ते उंबऱ्याला पाय लावून परत गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. एकानं वाटीसुद्धा विकत घेतली नाही. तुम्ही पैसे द्याल?"

नानांनी गल्ल्याकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "म्हंजे मना गल्लामाईन पैसा गया, अन गिऱ्हाईक उनंच नही."

"तेच. जाहिरात देणाराही कुणीतरी दुकानदारच असतो."

"मंग भाऊ, हे तुम्ही त्या दिवशी का नही सांगं?"

नानांनी ग्रुप पुन्हा वर, आपल्या निरोपापाशी नेला. त्याच्या खाली, आकड्यांच्या गर्दीत माझ्या नजरेतून सुटलेला, कुणाचातरी प्रश्न होता, 'बोट लावानं कोनी सांगं?' आणि नानांचं उत्तर होतं: 'जळगावना भाऊनी. पंगतमा.'

मला आठवलं. वरण-बट्टीची पंगत बसली होती. नाना माझ्या शेजारी होते. त्यांनी विचारलं, हे पैसे नेमके येतात कुठून? मी फोनवर अक्कांचा लेख उघडून दाखवला आणि म्हणालो, "या जाहिरातीवर कुणी बोट लावलं की जाहिरातदाराकडून पैसे निघतात, त्यातला वाटा अक्कांना मिळतो." पुढचं वाक्य सांगणार होतो, की ते बोट परक्या आणि ती वस्तू खरंच हवी असलेल्या माणसाचं असावं लागतं, घरच्यांचं चालत नाही. तेवढ्यात तूप वाढणारा आला. नानांनी माझ्या बट्टीवर आग्रहानं दोन पळ्या जास्त घालायला लावल्या. हसणं झालं. पुढचं वाक्य राहून गेलं.

अक्कांकडून मी सही घेतली होती. नानांना अर्धंच सांगून जेवून उठलो होतो.

अपिलाचा मजकूर त्याच दुकानात बसून लिहायचं ठरलं. नानांनी सुचवलं, "लिखा ना, कोनी दुश्मनानं करं. स्पर्धक राहतस."

वैशाली म्हणाली, "किंवा आम्हाला काहीच माहीत नाही, असं लिहू. ते कुठे तपासणार आहेत?"

मला ते दोन्ही मार्ग माहीत होते. असे अर्ज लोक करतात हेही माहीत होतं. पण अकाउंट अक्कांच्या नावाचं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"अठ्ठावीस वर्षं पोरांना सांगितलं, चूक केली तर हात वर करा," अक्का म्हणाल्या. "आता मी काय लिहू? झालं ते लिहा, भाऊ."

"आहेर कंपनीला कळणार नाही. त्याला काय लिहू? भेटवस्तू?"

"भेटवस्तू लिहिलं तर त्यांना वाटेल मी घेतली. लिहा, नातेवाइकांनी कार्यात घातलेली मदत, मी आधीच नाकारलेली."

तसं लिहिलं. सदतीस जणांनी नियम माहीत नसताना क्लिक केले, सांगणारा मी होतो आणि मी अर्धवट सांगितलं, हेही लिहिलं. त्या चार दिवसांचे पैसे नकोत, असं शेवटी टाकलं. नानांनी तेवढ्यात ग्रुपवर निरोप घातला: 'कोनीबी बोट लावू नका. अक्काना नुकसान हुई गयं.' त्यावर कुणी अंगठा दाखवला नाही, की हात जोडले नाहीत. त्या ग्रुपवर असं पहिल्यांदाच झालं असावं.

उत्तर नवव्या दिवशी आलं. दोन ओळी. 'आपल्या अपिलाचा विचार केला. अकाउंट पुन्हा सुरू करता येणार नाही.'

मी फोन न करता फैजपूरला गेलो. अक्कांनी ऐकून घेतलं. भांड्यातलं पाणी प्यायल्या.

"खोटं लिहिलं असतं तर उघडलं असतं का, भाऊ?"

"सांगता येत नाही."

"मग खरं लिहिलं तेच स्वस्त पडलं," त्या म्हणाल्या. "निदान परत कधी आठवावं लागणार नाही, काय लिहिलं होतं ते."

मी नानांना कळवलं होतं. दुपारी तेही आले. खिशातून जाड पाकीट काढून अक्कांसमोर ठेवलं. "बठ्ठासनं शे. वैशालीनी फी."

अक्कांनी पाकिटाला हात लावला नाही. "नाना, पत्रिकेवर काय छापलं होतं?"

"अक्का, आते तरी..."

"काय छापलं होतं?"

अक्कांचा मुलगा गेला तेव्हा न रडलेले नाना तिथे टोपी काढून डोळे पुसत होते. "वैशालीले शिकाडू नको म्हनेल व्हतं मी," ते म्हणाले. "ते फेडाले गयथू, बोटं लाईसन."

मी एकवीस वर्षं जाहिराती विकल्या आहेत. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही. म्हणालो, "नाना, पाकीट परत ठेवा. अक्कांच्या लेखाशेजारी तुमच्या दुकानाची जाहिरात लावू. महिन्याला हजार रुपये. क्लिक मोजायचे नाहीत, मधला दलाल नाही. पावती मिळेल."

नाना दुकानदारच. डोळे पुसता पुसता म्हणाले, "घरना मानूसले सूट?"

"नाही."

अक्कांनी थोडा विचार केला. "पावती देणार असाल तर चालेल," त्या म्हणाल्या. "धंदा आहे तो."

ही आमच्या दैनिकातलीच जुनी पद्धत. जागा ठरलेली, दर ठरलेला, पैसे आधी. नंतर मी जळगावात फिरलो. एका मारवाडी मसाला व्यापाऱ्यानं विचारलं, "क्लिक कितने आएंगे?" मी म्हणालो, "शेठजी, एकही आला नाही तरी दर तोच." तो हसला, पण अक्कांचा कैरीच्या लोणच्याचा लेख त्याच्या बायकोनं वाचलेला होता. त्यानं सहा महिन्यांचे दिले. केळीची रोपं विकणारा एक नर्सरीवाला आला. आज पाच जाहिराती आहेत. महिन्याला पाच हजार. पूर्वी नऊ येत होते. चार कमी पडतात. त्यासाठी वैशालीनं हॉस्टेल सोडलं, ती आता नानांकडे राहते आणि रविवारी दुकानाच्या हिशोबाला बसते. फी कॉलेजनं तीन हप्त्यांत घेतली. ती तिसऱ्या वर्षाला आहे.

ते जुनं अकाउंट अक्कांच्या नावानं पुन्हा कधी उघडणार नाही. तेवढं नुकसान माझ्या एका न सांगितलेल्या वाक्याचं आहे, आणि ते मी माझ्याच नावावर धरतो.

आता नवा लेखक आला की मी त्याला एकट्याला बसवत नाही. घरातल्या चार माणसांसकट बोलावतो, जेवणाची वेळ टाळून. पैसे कसे मिळतात हे नंतर सांगतो. आधी एक छापील कागद हातात देतो आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचायला लावतो. लोक जरा बुचकळ्यात पडतात, पण वाचतात:

'कृपया आहेर आणू नये.'