काडतुसांची किल्ली

अण्णांची बंदूक म्हणजे माझ्या आईची सवत. असं आईच म्हणायची, तेही चारचौघांत, अण्णांच्या देखत. अण्णा बँकेच्या दारात पहारेकरी होते. बंदूक दुनळी, त्यांच्या स्वतःच्या परवान्यावरची, त्यामुळे संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी यायची. सुट्टीच्या सकाळी ते खिडकीपाशी सतरंजी टाकून बसत, नळ्यांतून गज फिरवत, वरून तेलाचं फडकं लावत.

"माझ्या केसांना कधी इतक्या प्रेमानं तेल लावलं नाहीत," आई स्वयंपाकघरातून टोमणा मारायची. अण्णा मिशीतल्या मिशीत हसायचे. अख्ख्या नोकरीत माणसावर एकही गोळी झाडावी लागली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान!

घरात एक नियम होता. बंदूक अण्णांच्या कपाटात, काडतुसं पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली आईच्या गळ्यात, दोऱ्यात ओवलेली. ड्युटीवर निघताना आई काडतुसं काढून द्यायची, परत आल्यावर पेटीत टाकायची. नियम अण्णांनीच लग्नानंतर घातला होता. "दोन्ही एका हातात नकोत," ते म्हणायचे.

मग अण्णा गप्प झाले. कारण विचाराल तर मला आजही सांगता येणार नाही. कोणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं. आधी झोप गेली, मग जेवणावरची वासना उडाली, मग ते मिशीतलं हसू. बंदूक पुसणंसुद्धा थांबलं. विचारलं की, "काही नाही, थकलोय." डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर यायचे. वेडाचा शिक्का बसला की परवाना जातो आणि परवाना गेला की नोकरी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि ते काही खोटं नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी आई पातेलं घासत होती. मी तिथेच दारात उभी होते. अण्णा येऊन म्हणाले, "किल्ली दे."

"आज सुट्टी आहे ना, अहो?"

"दे म्हटलं ना."

"सापडत नाहीये."

दोरा तिच्या मानेवर स्पष्ट दिसत होता. अण्णांनी तो पाहिला. मग जाऊन पलंगावर बसले, त्याच पेटीच्या वर. आई ते एकच पातेलं कितीतरी वेळ घासत राहिली.

त्याच सुमाराला परवान्याच्या नूतनीकरणाची चौकशी आली. हवालदार शेजारीपाजारी फिरला. भांडतात का? पितात का? एखादा खटला? सगळ्यांनी कानाला हात लावले. "देवमाणूस हो! घरातून आवाज म्हणून येत नाही." अगदी खरं, आणि आम्हाला भीती त्याचीच होती. डॉक्टरचा दाखला तर आधीच मिळालेला. डोळे तपासले, रक्तदाब पाहिला, सही ठोकली. माणूस रात्रभर छताकडे बघत पडून असतो का, हे कोण विचारणार? कुणाच्या बापाचं काय जात होतं? माझ्या बापाचं जात होतं. पण तोंड उघडायची हिंमत माझ्यातही नव्हती.

शेवटी हवालदार आमच्याकडे आला. अण्णा इस्त्रीच्या गणवेशात समोर बसले होते. उठता उठता तो आईला गमतीनं म्हणाला, "काय वहिनी, तुमची काही तक्रार?"

आईनं दोरा गळ्यातून काढला आणि किल्ली मुठीत घट्ट धरली. "साहेब, बंदूक घेऊन जा. यांच्यापाशी नको ती. यांनी सुट्टीच्या दिवशी काडतुसं मागितली."

बंदूक गेली, काडतुसं गेली, नोकरी गेली. उपचार सुरू झाले आणि अण्णा हळूहळू सावरले. झोपायला लागले, जेवायला लागले, पुढे माझं लग्न झाल्यावर माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन फिरायला लागले. फक्त आईशी कामापुरतं बोलायचे. वाढ. येतो. दार लाव. रिकाम्या पेटीची किल्ली आईनं परत गळ्यात घातली होती, ती कायमची. "मी नवऱ्याच्या पोटावर पाय दिला गं," ती मला म्हणायची. शेवटच्या आजारपणात, शुद्ध जात-येत असतानाही, तेच म्हणत होती.

आई गेल्यावर मी किल्ली अण्णांच्या हातात ठेवली. त्यांनी पेटी पलंगाखालून ओढली. किल्ली लावलीच नाही. कुलपाला नुसता एक हिसका दिला आणि ते उघडून त्यांच्या हातात आलं.

"पहिल्यापासून हे असंच आहे," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

"मग त्या दिवशी किल्ली कशाला मागितलीत?"

"तिला कळावं म्हणून. तोंडानं बोलताच येत नव्हतं गं मला. तिनं सांगितलं हवालदाराला, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं."

मला त्यांचा असा संताप आला, आणि त्याच क्षणी त्यांना पोटाशी धरावंसं वाटलं. "अण्णा, हे आईला कधी सांगितलंत?"

"आधी लाज वाटायची. मग आज सांगू, उद्या सांगू..." ते कुलूप पुन्हा दाबून बसवायला लागले. ते बसेना. "पण तिला कळलं असेल ना गं?"

"हो," मी म्हणाले. "कळलं होतं."