मनगटापर्यंत उतरलेला विंचू

भातकापणी उरकत आली होती. अंगणाच्या गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडांच्या बुटक्या कुंपणावर, लुगडं वाळत घातलं होतं. दुपारी ते ओढलं आणि बोटात निखारा घुसला. घडीतून तांबडा विंचू खाली पडला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. यानं ते माझ्या लुगड्यात मांडलं होतं.

आमच्या गावाहून रत्नागिरी फार लांब नव्हती. पण दवाखान्यात जायचं कुणाच्या मनात येणार? माझे सासरेच विंचू उतरवत. पंचक्रोशीतले लोक त्यांच्याकडे येत, आणि ते कुणाकडून साधा नारळही घेत नसत. त्यांच्याच सुनेला विंचू चावला म्हटल्यावर पडवी माणसांनी भरली.

मामंजी मंत्र पुटपुटत आघाड्याची डहाळी माझ्या खांद्यापासून खाली फिरवू लागले. रीत अशी, की उतरवणाऱ्यानं विचारायचं आणि चावलेल्यानं सांगायचं.

"कुठवर आला गो?"

कळ खांद्यात होती आणि मानेकडे निघाली होती. पण सासऱ्यांसमोर मी तोवर चार शब्द धड बोलले नव्हते. चारचौघांत त्यांचा मंत्र खोटा कसा पाडायचा? "कोपराशी," मी पदराआडून म्हणाले. डहाळी पुन्हा फिरली. "मनगटाशी." आणि शेवटी, "उतरला." लोक समाधानानं पांगले. अशी मी गुणाची सून.

माजघरात मला चटईवर निजवलं. हळूहळू कळ बोथट झाली आणि माझं मलाच खरं वाटू लागलं. घामानं चोळी भिजली, हातपाय गार पडले. कौलांतून आलेले कवडसे भिंतीवरून सरकत होते, आणि खाडीतल्या तरीत बसावं तशी मीही त्यांच्याबरोबर वाहत चालले होते. खळ्यात भात झोडत होते. तो आवाज पाण्याखालून आल्यासारखा येई. मुंबईला नोकरीला असलेले माझे यजमान दारात उभे दिसले, पण त्यांना काही सांगावंसं वाटेना. फार बरं वाटत होतं. मरण इतकं मऊ असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कपाळावर सासूबाईंचा हात आला आणि तिथंच थांबला.

"खरं सांग गो. उतरलाय का?"

"नाही," मी म्हणाले. "मघाशीपण खांद्यातच होता."

त्या बाहेर गेल्या. "गाडी जुंपा. दवाखान्यात न्यायची हिला."

"अगो, उतरला ना?" मामंजी म्हणाले.

"जुंपा म्हणते ना." नवऱ्याशी त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

गाडीत माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं. मामंजी बैलांच्या पुढे चालत होते. माझा श्वास घरघरू लागला तशा त्या त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाल्या, "माझ्या धाकट्या जावेनंपण उतरला म्हणूनच सांगितलेलं. थोरल्या दिराला नाही कसं म्हणायचं, म्हणून. मला मागाहून बोलली. मी गप्प बसले."

मामंजी थांबले. बैलही थांबले. ती भावजय तापानं गेली, असंच ते इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. विंचू तर त्यांनी स्वतः उतरवला होता.

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. डोक्याचं मुंडासं काढून खांद्यावर टाकलं, कासरा ओढला आणि बैलांच्या पुढे धावू लागले.