रोहित बघायला उरणला

चहा घेत ऐका, पण ठसका लागला तर मला बोलू नका.

फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, हे मला मागच्या थंडीत नव्यानेच कळलं होतं. आणि नवा शब्द कळला की मला गप्प बसवतं का? उरणच्या खाडीवर रोहित आलेत म्हणून शहापूरचे काही पक्षीमित्र निघाले होते. ओळख कुणाचीच नाही, फोनवर जागा धरलेली. ‘मुरबाड स्टँडवर सकाळी जीप येईल,’ एवढाच निरोप.

धुक्यात जीप उभी दिसली. मी काच ठोठावली.

“रोहित बघायला उरणला?”

“हां, बसा. तुमचीच वाट बघतोय,” पुढे बसलेले कानटोपीवाले काका म्हणाले.

मागे काकू भरजरी साडीत. खाडीच्या चिखलात ही साडी? म्हटलं, हौस असते एकेकाची.

कल्याण गेल्यावर मी विषय काढला. “रोहित आता चांगला गुलाबी झाला असेल, नाही?”

“गोरा हाय म्हणतात,” काका म्हणाले.

“पाय मात्र लांब.”

“उंचच बरा. आमची पोर पण उंच हाय.”

“खातो काय, ते बघायला पाहिजे.”

“मासे खातो,” काकू म्हणाल्या. “पण पीत नाय.”

खाडीचं खारं पाणी, पिईल कसा? मला पटलं.

“एका पायावर उभा असतो म्हणे.”

“मग? सगलं घरच एका पायावर तयार हाय,” काका खूश.

जीप थांबली ती एका घरापुढे. दारात रांगोळी, आत पोह्यांचा वास, आणि गुलाबी शर्टातला एक हडकुळा तरुण. “हा आमचा रोहित,” त्याचे वडील म्हणाले.

माझ्या गळ्यातली दुर्बीण बघून त्याच्या आईने पदर सावरला.

तेवढ्यात पक्षीमित्रांचा फोन. “अहो, तुमच्या जागी बसलेला माणूस चिखलात उभा राहून मुलाचं घर विचारतोय!”

तो मध्यस्थाने काकांच्या वतीने मुलाची चौकशी करायला पाठवलेला माणूस होता. मी काकांच्या कानात सगळं सांगितलं.

“आता उठू नका,” काका पुटपुटले. “पाहुणे बघतायत. कायतरी विचारा.”

मग विचारलं. पगार, राग, घोरणं, चहा करता येतो का, बायकोचं ऐकणार का. रोहित घामाघूम झाला, पण पास झाला. लग्न ठरलं.

घरी येऊन बायकोला फुशारकीने सगळं सांगितलं. ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “एवढं माझ्या बाबांनी तुम्हाला विचारलं असतं, तर मी वाचले असते.”