उलट्या धाग्याच्या बिड्या

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. भूतबाधा, करणी यांवर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही... म्हणूनच लिहायला इतकी वर्षं लागली.

गोंदियात बिडीच्या कारखान्यात मी चेकर होतो, वळलेल्या बिड्या तपासायचो. थोरला भाऊ सदादादा तिथंच बिड्या वळायचा. डोकं बिघडलं म्हणून त्याला नागपूरच्या पागलखान्यात ठेवावं लागलं. वर्षभरानं बरा होऊन आला आणि काम मागू लागला. मालकांनी मला बोलावलं.

"तेरा भाई है. तू बोल, रखें क्या?"

माझं लग्न ठरत होतं. पागलाचा भाऊ म्हणून रोज सगळ्यांसमोर... मी म्हणालो, "भरोसा नहीं, मालिक."

दादाला सांगितलं, जागा नाही.

"राहू दे लहान्या. होईल तवा सांगजो."

मग तो ओसरीवर बसून नुसती बोटं हलवायचा. आईला ते बघवत नसे.

एका दुपारी काशीबाईचं बिड्यांचं सूप तपासायला आलं. ही म्हातारी दादाच्या रिकाम्या जागेशेजारी बसायची. तिच्या मूठभर बिड्यांवर धागा उलटा गुंडाळलेला होता. आमच्याकडे डावखुरा एकटा दादाच.

"ह्या कोणाच्या?"

"मले का मालूम? पानं कापून राहिली होती, वर पाह्यलं त सुपात!" ती हसली. "सदा आला असंल माह्या मदतीले."

बिड्या चोख होत्या. तरी मी त्या खराब ठरवल्या, आणि रिवाजाप्रमाणे वळणारणीसमोरच मोडल्या — एकेक करून.

"मोडा बापा, मोडा! भावाचा हातही पटत नाही चेकरसाहेबाले!"

घरी आलो तर दादा ओसरीवरच. दिवसभर हलला नव्हता, आई म्हणाली. घरात तेंदूचं पान नाही, तंबाखू नाही. माझ्याकडे बघून तो हळूच म्हणाला, "चांगल्या होत्या ना रे? मंग काऊन मोडल्यास?"

रागानं नाही हो. मलाच काही लागलंय की काय, अशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी त्याचा हात धरून मालकांपुढं उभा राहिलो. "मेरी जिम्मेदारी पर रखिए." ठेवलं. आजही तो तिथंच बिड्या वळतो, डोकं शाबूत आहे. त्या दिवसाचं विचारलं तर म्हणतो, कोणत्या बिड्या? मलाही उलगडा झालेला नाही.

येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र कौतुकानं सांगतो, "लहान्यानं लावून देल्लं मले काम." मी मान खाली घालतो.

ते काम आधी मीच अडवलं होतं. हे त्याला सांगायचं अजून बाकी आहे.