प्रेमाअक्कांचं अननस-श्रीखंड

बनशंकरीतल्या प्रेमाअक्का फार साध्या आहेत, असं फक्त त्यांना न ओळखणारे म्हणतात. तीस वर्षं त्यांनी एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत साहेबांच्या काचनळ्या धुतल्या आणि धुताधुता साहेबांपेक्षा जास्त विद्या उचलली. तिथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला अननसाचं श्रीखंड करावं ते अक्कांनीच, हे बावीस वर्षं ठरलेलं.

यंदा अध्यक्षांना काय हुक्की आली कोण जाणे, श्रीखंड सर्जापूर रोडच्या केतकीने करावं असं ठरलं. पुण्याहून येऊन तिला जेमतेम वर्ष झालेलं, आणि कृती विचारायला ती आली ती अक्कांकडेच! आता बोला. अक्कांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांनी हसतहसत चक्का, साखर, वेलची, ताजा अननस, सगळं नीट लिहून दिलं. एक ओळ तेवढी गिळली: अननस आधी साखरेत खदखदून शिजवायचा.

त्याचं असं आहे. ताज्या अननसात एक विकर असतं, एन्झाइम म्हणा. त्याला काम एकच येतं, प्रथिनं कापायचं. साखरेकडे ते ढुंकूनही बघत नाही. चक्का तर प्रथिनांनी भरलेला, मग काय, ते कापत सुटतं आणि श्रीखंड कडू होऊन पाणी सुटतं. फ्रिजमध्ये त्याचा हात मंदावतो, थांबत नाही. उकळलं की मात्र त्याची घडीच विस्कटते. नंतर कितीही गार करा, पुन्हा कामाला लागत नाही. हे अक्का झोपेतही सांगतील. केतकीला सांगितलं नाही, एवढंच.

पाडव्याला अक्का श्रीखंडाच्या पातेल्यासमोरच बसल्या, कोण तोंड वाकडं करतंय ते बघायला. कोणी करेना. लोक दुसऱ्यांदा मागू लागले. शेवटी अक्कांनी स्वतः ‘स्वल्प’ म्हणत चमचाभर चाखलं. गोड, आणि घट्ट! तीस वर्षांची विद्या पाण्यात गेली की काय? त्यांना राहवेना. केतकीला बाजूला घेऊन त्यांनी अननस कुठला घातलास म्हणून विचारलं.

डब्यातला, असं ती ओशाळून म्हणाली. डबाबंद करताना अननस तापवतात, तिथेच विकराचा निकाल लागलेला! अक्कांना हसू फुटणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “दोनदा ताजा घालून केलं, अक्का. दोन्ही वेळा कडूजहर झालं. तुमची कृती चुकायची नाही, माझ्याच हाताला चव नाही म्हणून रडले मी.”

अक्कांना लाज वाटली, चांगली सणसणीत. त्यांनी पंगतीकडे तोंड केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “केतकीचा हात उत्तम आहे. अननस शिजवायचा हे मी तिला सांगितलं नाही. मुद्दाम.”

केतकी पदर खोचून म्हणाली, “ते कडू श्रीखंड अजून फ्रिजमध्ये आहे. दोन किलो. उद्या आणून देते, तुम्ही संपवायचं.”

“सरी, बरं,” अक्का म्हणाल्या, आणि आठवडाभर रोज एक वाटी गिळत राहिल्या.